गेटवर वाचलेला कागद

बेंगळूरु
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा एळ्ळू, आपला तिळगूळच, तुझ्या हर्षबरोबर आगाऊच पोचला. गूळ जास्त आणि खोबरं कमी, म्हणजे सूनबाईंनी नव्हे, तूच केलास हे पहिल्या घासाला कळलं. तुला फोन ऐकू येत नाही याचं वाईट वाटायला हवं खरं, पण त्यामुळेच मला दर रविवारी पत्र लिहायला मिळतं. शाळेत सिस्टर आग्नेस म्हणायच्या की निवेदिताचं पत्र म्हणजे इस्त्री केलेला रुमाल. साठी आली तरी ते वाक्य मी विसरत नाही, हसू नकोस.

कारखान्याची बातमी अशी, की खासदारांची वेळ मिळाली, बावीस तारखेची. निवेदन मीच लिहिलंय. मी चिटणीस, शिवाय इंग्रजी म्हटलं की युनियनचे सगळे माझ्याकडेच बघतात. परवा पाळी बदलताना ते गेटवर वाचलं. तू इथे कामाला असताना घालून दिलेली रीत अजून मोडलेली नाही: गेटने ऐकलं तेच कागदावर, आणि सह्या त्याखालीच. मी इंग्रजीत वाचलं, मग कानडीत सांगितलं. मागण्या चार. कारखान्याची जमीन विकू नये, निवृत्तांची वैद्यकीय कार्डं चालू ठेवावीत, रिकाम्या जागा भराव्यात, आणि एकतीस मार्चला कँटीनचा ठेकेदार बदलेल तेव्हा नव्या ठेकेदाराने जुन्या अडतीस बायकांनाच कामावर ठेवावं. सर्वांत जास्त टाळ्या चौथीला पडल्या. कँटीनची मुनिरत्नम्मा हात पदराला पुसून सहीला आली, तरी कागदावर रव्याचे दोन कण राहिलेच.

विलासांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. कारखान्याच्या कार्डावर नवऱ्याचाही खर्च निघतो, म्हणून निभावतंय. मेमध्ये मी निवृत्त झाल्यावर पुढे काय, ते बावीस तारखेवर आहे.

तुझा लोभ आहेच. तेवढ्या एका दिवसापुरता थोडा जास्त पाठव.

तुझी,
निवेदिता


देवनहळ्ळी
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आत वर्तमानपत्राचं नुसतं कात्रण. पत्र नाही, चिठ्ठी नाही. जिची लेखणी चार पानांखाली थांबत नाही तिला झालं तरी काय? विलासरावांची तब्येत बरी आहे ना? फोटोत खासदारांशेजारी डोक्यावर म्हैसुरी पेटा घालून उभी आहेस, अगदी आपल्या बाबांसारखी दिसतेस, फक्त मिशा नाहीत. हर्ष म्हणतो, मावशी आता निवडणुकीला उभी राहणार. मी त्याला सांगितलं, राहू दे, निदान भाषण तरी शुद्ध होईल.

पण एक विचारते. बातमी मी भिंग घेऊन दोनदा वाचली. लिहिलंय, की निवेदनातल्या तिन्ही मागण्या मंत्र्यांपुढे ठेवायचं खासदारांनी कबूल केलं. तुझं संक्रांतीचं पत्र काढून पाहिलं, त्यात चार आहेत. पेपरवाले चुकले असतील तर सरी, ठीकच. नसतील तर कळव.

आमच्या संपात दोन महिने आम्ही गेटवर बसून होतो. तुझी शाळा तेव्हा चालू होती. कँटीनच्या बायकांना आमच्याहून कमी मिळायचं, पण त्या घरून चित्रान्नाची पातेली आणून आम्हाला घालायच्या. संप मिटल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की युनियनच्या कागदावर त्यांची सही घ्यायची. तुला हे पाठ आहे, तरी लिहिलं.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. उत्तर मात्र या वेळी लवकर पाहिजे.

अनुसूया


बेंगळूरु
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेपरवाले चुकले नाहीत.

हे एक वाक्य लिहायला मला दोन रविवार लागले. आता बाकीचं एका दमात लिहिते, मधे थांबले तर पुन्हा नुसतं कात्रणच पाठवीन.

एकवीस तारखेला खासदारांच्या सचिवाचा फोन आला. योगीराज नाव त्याचं, वय चाळिशीच्या आत, इंग्रजी असं की सिस्टर आग्नेसनी पाठ थोपटली असती. म्हणाला, मसुदा वाचला, इतकं सुंदर निवेदन या कार्यालयात वर्षानुवर्षं आलेलं नाही. मग म्हणाला, साहेब तीन मुद्दे ठामपणे मांडतील. चौथा ठेकेदारांचा, त्यात साहेबांची माणसं गुंतलेली आहेत, तो ठेवलात तर चारही बाजूला पडतील. माझ्यासारख्या जाणत्या बाईला अधिक सांगायची गरज नाही, असंही म्हणाला. मी सभा बोलावून विचारायला हवं होतं. एका संध्याकाळीत ते झालं असतं. मी म्हणाले, बघते.

आणि शिवाजीनगरला जाऊन एका झेरॉक्सच्या दुकानात दुसरं पान नव्याने छापून घेतलं. टाचणी काढली, पान बदललं, सह्यांचे कागद होते तसेच मागे लावले. आता त्या अडतीस बायकांच्या सह्या अशा कागदाखाली आहेत ज्यात त्यांचं नावही नाही. कुणाला कळलं नाही, कारण सगळं इंग्रजीत. पेपरमधल्या 'तिन्ही'कडेही तुझ्याशिवाय कुणाचं लक्ष गेलं नाही. आमचे अध्यक्ष भगवंतराव पाकीट न उघडता नुसतं हातात धरून फोटोला उभे राहिले.

हे विलासांच्या कार्डासाठी केलं असं लिहिणार होते. तू तेवढं समजून घेतलं असतंस. पण अक्का, फोन चालू असताना मला विलास आठवलेच नाहीत. मला माझं इंग्रजी आठवलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याची तारीफ करत होतं. तू मशीनवर बोटं झिजवून ज्या पगारातून माझी फी भरलीस, त्या शिक्षणाचं मी हे केलं.

कँटीनमध्ये तर जाववत नाही. काम झालं अशा समजुतीने त्यांनी त्या दिवशी दारात रांगोळी काढली. मुनिरत्नम्मा माझ्या ताटात केसरीभाताचा सगळ्यांपेक्षा मोठा गोळा वाढते, त्यात काजू निवडून घालते. मी 'स्वल्प, स्वल्प' म्हणत राहते आणि ती आणखी वाढते. कालपासून घरून डबा नेते, पथ्य आहे असं खोटंच सांगितलंय.

भगवंतरावांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, शिष्टमंडळात असं चालतंच, गप्प राहा. फारच टोचत असेल तर टाइप करणाऱ्याची चूक म्हणू.

लोभ मागायला आज धीर होत नाही.

निवेदिता


देवनहळ्ळी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. रागावून लिहू नये म्हणून दोन दिवस थांबले, तरी राग आहेच, तो तसाच पाठवते.

फीचं मधे आणू नकोस. तुझा निळा गणवेश पाहून मला मशीनवर उभं राहायला जोर यायचा. ते कर्ज नव्हतं, तेव्हा ते फेडायला किंवा बुडवायला तुझ्याकडे काही नाही. तू माझी अपराधी नाहीस. ज्यांची आहेस त्यांना पत्र लिहिता येत नाही, त्या तुला समोर उभं राहून विचारतील, याची तुला भीती आहे.

मी बहिरी, म्हणून मला सांगणं तुला सोपं गेलं. ज्यांना कान आहेत त्यांना सांग. ज्या गेटवर वाचलंस त्याच गेटवर, आणि कानडीत. टाइप करणाऱ्याचं नाव घेतलंस तर मला पुन्हा लिहू नकोस. एकतीस मार्चला अजून महिना आहे. तू रडत बसलीस तर तेवढेही दिवस जातील.

विलासरावांना पाणी मोजून देतेस ना? हर्ष पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर चटणीपूड पाठवते.

आशीर्वाद कमी झालेले नाहीत, हे लिहून ठेवते, नाहीतर तू रात्रभर जागशील.

अनुसूया


बेंगळूरु
१६ मार्च २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चटणीपूड संपत आली. आणि तू सांगितलेलं काम केलं.

तीन तारखेला पाळी बदलताना गेटवर उभी राहिले. भगवंतराव म्हणाले, माइक बिघडलाय. मी विनामाइक बोलले. टाइप करणाऱ्याचं नाव घेतलं नाही. मी पान बदललं, तुम्हाला न विचारता बदललं, कुणी मला जबरदस्ती केली नाही, एवढी तीन वाक्यं. माझं कानडी शाळेतही कच्चंच होतं, पण त्या दिवशी सगळ्यांना नीट कळलं. मशीन शॉपचा एकजण मोठ्याने म्हणाला, बाईंनी अडतीस घरं विकून पेटा घेतला. कुणी त्याला गप्प केलं नाही, मीही नाही. चिटणीसपद तिथेच सोडलं.

बायकांमधून मुनिरत्नम्मा पुढे आली. मला वाटलं आता शिव्या. तिने एकच विचारलं, की काढलेलं पान कुठे टाकलं? अक्का, ते माझ्या पर्समध्येच होतं. फाडायचं म्हणून चार वेळा काढलं आणि चार वेळा परत ठेवलं. ती म्हणाली, ते आमचं आहे, द्या. दिलं. तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि वळून कामावर गेली.

नंतर सभा झाली, मला न बोलावता. ठरलं ते असं, की नवं निवेदन कानडीत, फक्त कँटीनचं; सह्या सगळ्या कारखान्याच्या, आणि घेऊन जाणार त्या बायका स्वतः. माझं जुनं पान त्याला मागे जोडायचं, म्हणजे आधी काय झालं तेही खासदारांना दिसेल. सह्यांच्या वेळी मला निरोप आला. माझी जागा सर्वांत खाली ठेवली होती, चिटणीस म्हणून नव्हे, नुसतं नाव. मी सही केली.

आज खासदारांचा लोकांना भेटायचा दिवस होता. मीही गेले, मागे बसायला. मुनिरत्नम्माने उभं राहून कागद वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवत, आणि चुकली तिथे न लाजता परत सुरुवातीपासून. योगीराजने मला ओळखलं आणि नजर वळवली. खासदार म्हणाले, बघतो. 'बघते' म्हणणारी मी, त्यामुळे त्या शब्दावर किती विसंबायचं मला ठाऊक आहे. बायकांनाही असावं, कारण मुनिरत्नम्माने त्यांच्याकडून पोच लिहून घेतली, शिक्क्यासकट. अडतीसांतल्या चौघींनी मात्र आधीच दुसरीकडे काम धरलंय; जानेवारीतच हा कागद गेला असता तर कदाचित धरावं लागलं नसतं. त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत.

बाहेर झाडाखाली त्यांनी घरून आणलेली पातेली उघडली. चित्रान्न. मी निघायला उठले, घरी विलास एकटे आहेत म्हटलं, ते खरंही होतं. मुनिरत्नम्माने हाताने बसायची खूण केली आणि माझ्यापुढे ताटली ठेवली. भात सगळ्यांइतकाच. काजू निवडून घातलेले नव्हते. अक्का, त्या ताटलीतलं शीतही मी टाकलं नाही.

तुझा लोभ होता तेवढाच राहू दे. वाढवायचं एकतीस तारखेनंतर बघ.

तुझी,
निवेदिता