खोळ आणि रेनकोट

१९ जुलै, रविवार

प्रश्न एकच — घालायचं काय? पुढच्या रविवारी समुद्रपूरला शाळेची पंच्याहत्तरी. मंचावर मला सातवीतली पावसाची कविता म्हणायची आहे. हिनं हौसेनं घेतलेलं क्रीम रंगाचं खादीचं जाकीट काढलं. डांबरगोळ्यांचा वास! पण स्टँडपासून शाळा लांब, आणि छत्रीत खांदे भिजतातच.

२० जुलै

नात आचल पारदर्शक रेनकोट घेऊन आली. "आबाजी, एवढं जाकीट झाकता काऊन? आतून दिसलं पाहिजे ना!" पायात रबरी सँडल, पिशवीत कोरडे मोजे — सगळं तिनंच ठरवलं.

आरशात पाहून म्हटलं, शिंपल्यातला मोती. ती म्हणे, बरणीतला मुरब्बा.

२१ जुलै

भर पावसात अंगणात दहा मिनिटं उभा राहिलो. आत थेंब नाही! उभ्या उभ्या कविताही म्हटली. शेवटच्या कडव्यापाशी नेहमीसारखा अडखळलो.

२३ जुलै

वर्गमित्र वासुदेवरावांचा फोन. डोमाजीच्या शेतात जाऊन त्यांनी आमंत्रण दिलं म्हणे. "येऊन राह्यला बरं तो!"

छान, छान, म्हणालो. जेवण गेलं नाही.

२४ जुलै

लिहूनच टाकतो. सातवीत पाठांतराचं बक्षीस डोमाजीचंच होतं. गुरुजींनाही ठाऊक होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो पावसासाठी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चिखल तुडवत आला. मी कापडदुकानदाराचा मुलगा — नवी छत्री, इस्त्रीचा सदरा. दारातच ओरडलो, "पोतं आलं रे, पोतं!" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी डोमाजी आला नाही. पुढे शाळाच सुटली त्याची.

बक्षीस मला. त्याच कवितेवर जन्मभर वाहवा घेतली — लग्नांत, निरोपसमारंभांत. हे कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही.

रविवारी त्याला सांगायचं. कपडे काय, कोणतेही चालतील.

२५ जुलै

तरी जाकिटाला इस्त्री केलीच.

२६ जुलै, रविवार

एस.टी.तून उतरलो. धो धो पाऊस. चालता चालता रेनकोटाच्या आत घामाच्या धारा! अंगणात उभं राहून पाहिलं होतं, चालून कुठं पाहिलं? शाळेपर्यंत जाकीट पाठीला चिकटलं.

फाटकाशी डोमाजी. डोक्यावर खताच्या पोत्याची पांढरी खोळ, खाली कडक धोतर-सदरा. कोरडा ठणठणीत! मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काऊन गा शेठ, वरून कोरडा अन् आतून वला?"

मी हसू शकलो नाही. म्हटलं, डोमा, त्या दिवशी तुला पोतं म्हणणारा मीच. स्पर्धा तुझी होती.

"मायनं शिवलती ती खोळ," म्हणाला. "रातभर बसून. तिले हासले सारे, म्हून नाई आलो."

एवढंच बोलून आत गेला. मी मागोमाग.

माझं नाव पुकारलं. माइकपाशी गेलो आणि डोमाजीचं नाव घेतलं.

२७ जुलै

काल पुढचं लिहवेना.

डोमाजीनं अख्खी कविता म्हटली. शेवटचं कडवंसुद्धा, कुठे न अडता. डोक्यावरची खोळ न काढता.