अप्पांची टेप

प्रिय ठमे,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे अर्धवट सांगण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात मी एक जुनी लेन्स घेतली. अप्पांची होती तसलीच, पन्नास एमएमची, हातानं रिंग फिरवून फोकस करायची. दुकानदारानं उजेडात धरून दाखवली, काचेत बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता. रिंग अशी मऊ फिरते की विचारू नकोस. माझ्या कॅमेऱ्यावर चढवून तुझ्या वहिनीचे, मांजराचे, खिडकीतल्या कुंडीचे शंभरेक फोटो काढले. सगळे धूसर. भंगार गळ्यात मारलंय, असं तुझी वहिनी म्हणाली, म्हणून मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदारानं त्याच लेन्सनं माझा फोटो काढला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! मग त्यानं हळूच विचारलं, साहेब, डोळे कधी तपासलेत?

काचबिंदू आहे, ठमे. उजव्या डोळ्याची, म्हणजे कॅमेऱ्याला लावतो त्याच डोळ्याची, नस बरीच गेलीये. डावा सांभाळून घेत होता आणि फोकस इतकी वर्षं कॅमेराच करत होता, त्यामुळे मला पत्ताच नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालतो. भीती वाटते.

आता तुझं लग्न आठव. अप्पा लेन्सपासून तुझ्या नाकापर्यंत शिंप्याची टेप धरायचे आणि तो आकडा रिंगवर लावायचे. सासरची मंडळी खो खो हसली, तू लालबुंद झालीस. पुढचे सगळे फोटो वाया गेले. अप्पा पिऊन आले होते, हे तू ते जाईपर्यंत धरून बसलीस. ते प्यायले नव्हते. तुझी शोभा नको म्हणून टेप मी खिशात घातली होती. त्यांनी ती खुर्च्यांखालीसुद्धा शोधली, मला विचारलं, आणि मी नाही म्हणालो. टेप त्यांना कशाला लागत होती, ते मला आत्ता कळलं.

घरात आणखी कुणाला होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी अप्पांचं सांगितलं. ते म्हणाले, बहिणीला ताबडतोब पाठवा, हा दुखत नाही, खुपत नाही. माझ्यावर हवी तितकी चीड, पण आधी डोळे दाखवून ये. हे पत्र एकदा डावा डोळा झाकून वाच, मग उजवा. दोन्ही वेळा दिसलं तरी जा. मलाही दिसतच होतं.

तुझाच, टेपचोर
दादा