कुलूप लावणारा म्हातारा

नारायणगाव, २ मार्च १९९७

ती. उज्ज्वलाआक्कास,
सुनीलचा सा. न. वि. वि.

आक्का, माझा वग तमाशाच्या मालकांनी घेतला! बोर्डावर लेखक म्हणून माझं नाव लागणार. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, तेव्हा बाबा माघारी जाऊन बुडणाऱ्या घराला कुलूप लावून आले, तो प्रसंग त्यांच्याच शब्दांत लिहिलाय. लिहिताना रडलो, खोटं कशाला सांगू. पण मालक म्हणतात, रडकं चालत नाही, म्हातारा सोंगाड्याला द्या, लोक हसतील. नाही म्हटलं तर वग परत. काय करू?

तुझी माया पाठीशी असू दे.
सुनील

तळेघर, ११ मार्च

चि. सुनीलला आक्काचे अ. आ.

मी चौथी शिकलेली, मला वगातलं काय कळतंय! पण बाबा कुलूप लावून आले तवा कुणी हसलं नव्हतं. भागूचुलता बी न्हाई, आन् तो तर मयतीतबी हसायचा. नाय म्हण मालकाला. वग परत आला तर येऊ दे, घरात नाचणी हाय.

तब्येत संभाळ, आठवण ठेव.
तुझी आक्का

नारायणगाव, २ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

मी हो म्हणालो. तीन वर्षं दुसऱ्यांचे वग उतरवून काढतोय, ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारणार? वग लई चालतोय. सोंगाड्या कुलूप लावून पाण्यालाच किल्ली देऊ लागतो, की शिट्ट्यांवर शिट्ट्या. मला मान खाली घालावी वाटते. बारा तारखेला घोडेगावला खेळ आहे. काहीही कर, पण बाबांना येऊ देऊ नकोस.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.
सुनील

तळेघर, १६ एप्रिल

चि. सुनीलला अ. आ.

तुझं पत्र काल हातात पडलं. बाबा बाराला सकाळीच गेले व्हते. पोराचं नाव बोर्डावर हाय म्हणून धुतलेलं धोतर नेसून, यष्टी न्हाई तर अर्धी वाट चालत. भागूचुलता संगं व्हता. तो सांगतो, बाबा पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले, शेजारच्याला वग माझ्या पोराचा म्हणून सांगितलं बी. मग आपलेच शब्द कानावर आले, तसे उठून कनातीबाहेर जाऊन बसले. चुलता तुला बोलवाया निघाला, तर बाबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, पोराचा कामाचा वखत हाय, नको.

काय रे केलंस हे!
आक्का

नारायणगाव, २५ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

मालकांशी भांडून काल म्हातारा मी स्वतः केला, लिहिला होता तसाच. लोकांनी आरडाओरडा करून मला खाली बसवलं. वग बंद झाला, बोर्डावरचं नाव पुसलं. त्याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. पण कुलूप लावताना प्रथमच खरं बोललो. घरी येऊ का? बाबांचे पाय धरायचेत.

सुनील

तळेघर, ४ मे

चि. सुनीलला अ. आ.

ये की, विचारतोस काय! बाबा रागावले न्हाईत. पोराचंच घर हाय म्हणाले. आईनं तुझ्यासाठी तांदूळ कांडून ठेवलाय.

एक आधीच सांगते, येऊन जिवाला लावून घेऊ नकोस. काल भागूचुलता ओट्यावर जुन्या गावाचं काढत व्हता. बाबांनी त्याला गप केलं. आईला आन् मला बी बजावलं, सुनील येतोय, त्याच्यासमोर कुणी काय बोलायचं न्हाई, बोललेलं वगात जातं.

लोभ हाय तसाच हाय.
तुझी आक्का