आठ तबकड्या आणि एक उतरलेला गंधार

मी, एकनाथराव ग्यानोबा ढवळे, वय सहासष्ट, धंदा पियानो व हार्मोनियमचे सूर लावणे, मूळचा परभणीकडचा, हल्ली राहणार बरकतपुरा, हैदराबाद दक्षिण, आज रविवारी सकाळचा चहा घेऊन, डोके ठिकाणावर असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. माझा उजवा कान जवळजवळ गेला आहे, ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही. ती इथे नोंदवतो, म्हणजे म्हाताऱ्याने लपवाछपवी केली असे पुढे कोणी म्हणायला नको.

कलम १. बरकतपुऱ्याच्या दोन खोल्या व मागचे अंगण पुतण्या हणमंत याला द्यावे. त्याने माझी सेवा केली, असे तो सांगतो. पेरूचे झाड तोडू नये. ते माझी पत्नी कै. मालनबाई हिने लावले आहे आणि त्याचे पेरू आंबट निघतात हे तिला शेवटपर्यंत मान्य नव्हते.

कलम २. पोस्टातली शिल्लक माझ्या शेवटच्या सोपस्कारांना लावावी. तेराव्याला जिलबी नको, कारण मला ती कधी आवडली नाही.

कलम ३. सिकंदराबादच्या ज्या क्लबाचा पियानो मी तीस वर्षे सुरात ठेवला, त्याच्या सेक्रेटरीने मला तीसही वर्षे स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतले. त्याची एक छत्री माझ्याकडे राहिली आहे. ती परत करू नये.

जावई प्रतापराव यांच्याविषयी मनात राग होता तो सोडला आहे. त्यांची कचेरी नव्या भाषावार राज्यरचनेत मुंबई राज्याकडे गेली, त्यात त्यांचा काय दोष? त्यांची औरंगाबादला नेमणूक झाली, पुढच्या मंगळवारी ते माझ्या लेकीला, भामाला घेऊन निघणार. "आबा, तुम्हीही आपल्या राज्यात चला," असे ते मला म्हणाले. राज्य कोणाचे ते दिल्लीवाल्यांनी ठरवावे. माझे पियानो इथे आहेत. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मी नारायणगुड्यात एका हार्मोनियमच्या दुकानात झाडू मारायला लागलो, तेव्हापासून या गावाचे पाणी माझ्या अंगात मुरले आहे, ते आता कुठल्या हद्दीने निघायचे नाही.

कलम ४. सिप्रियन तेलीस यांच्या आठ तबकड्या, चावीचा ग्रामोफोन आणि सुयांची डबी हे सर्व माझी एकुलती मुलगी भामा, भ्रतार प्रतापराव सोळंके, राहणार हिमायतनगर, हिला द्यावे.

सिप्रियन हे गोव्याचे, क्लबात बारा वर्षे पियानो वाजवीत. जॅझ म्हणत त्या संगीताला. मी वर्षभर त्याला धिंगाणा समजत होतो. मग एके दुपारी हॉल रिकामा होता, पडदे ओढलेले होते, आणि मी पियानोच्या पोटात डोके घालून तारा पाहत असताना ते हळूच येऊन बसले व वाजवू लागले. सूर माझ्या कपाळाला लागून जात होते. मी डोके बाहेर काढले नाही. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बसल्यासारखे वाटत होते आणि वर यावेसे वाटत नव्हते. ते थांबले तेव्हा चार वाजून गेले होते आणि माझी मान अवघडली होती.

आता हे कुठून ऐकायला लागावे, ते सांगतो. दुकानदाराला विचारले तर तो 'सॅटर्डे हॉप' पुढे करील. ती सगळ्यांना पाठ आहे, लग्नाच्या बँडवालेही ती वाजवतात. तिच्यापासून मुळीच सुरुवात करू नये. ती चांगली आहे, पण त्यात सिप्रियन लोकांकडे बघून वाजवतात. शेवटी आजारपणात केलेल्या दोन तबकड्याही आधी नकोत. तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे चालत नव्हती. जिथे ती बोटे पडायला हवीत तिथे ते जागा मोकळी सोडतात. ती जागा काय आहे हे कळायला आधी ती भरलेली ऐकलेली असावी लागते.

सुरुवात इथल्या तळ्याच्या बांधाचे नाव दिलेल्या 'टँक बंड' पासून करावी. दुपारी ऐकावी, दार लोटून, नवी सुई लावून. पहिल्यांदा काही समजून घेऊ नये. उजवा हात तळ्याकाठी निरुद्देश चालतो, डावा मागून येतो, घाई कोणालाच नाही. दुसऱ्यांदा फक्त डावा हात ऐकावा. मग एक दिवस जाऊ द्यावा. नंतर 'लिटल बोट', मग मुंबईला केलेल्या तीन, आणि 'सॅटर्डे हॉप' सातव्या-आठव्या दिवशी, पाहुणे आले तर. आजारपणातल्या दोन शेवटी, आणि त्या एकटीने ऐकाव्यात.

कलम ५. 'टँक बंड' पासूनच का, याचे खरे कारण वर लिहिले ते नाही. वकील मुकुंदराव म्हणतात की मृत्युपत्रात असले लिहू नये. त्यांना लिहिण्याचा मेहनताना दिला आहे, सल्ल्याचा नाही.

सन १९३८ मध्ये मुंबईच्या तबकड्यांच्या कंपनीची माणसे यंत्रे घेऊन क्लबात आली. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी मी पियानोचे सूर लावले. भामा पंधरा वर्षांची होती, शाळेला सुटी असली की माझ्याबरोबर येई, तारा दाबून धरायच्या रबराच्या पाचरी हातात देई. मी मूळचा हार्मोनियमवाला. तंबोरा जुळला की त्यातून आपोआप जो गंधार उमटतो, तोच माझ्या कानाचा गंधार. पियानोला तो चालत नाही. पियानोचा गंधार थोडा चढा ठेवावा लागतो, नाहीतर षड्ज बदलला, म्हणजे पट्टी बदलली, की तो बेसूर होऊन उघडा पडतो. हे मला पाठ होते. तरी त्या दिवशी मधल्या सप्तकात माझ्या हाताने कानाचेच ऐकले आणि मी तंबोऱ्याचा गंधार लावून बसलो. सिप्रियन यांनी पट्टी बदलून दोन ओळी वाजवल्या, तेव्हा सेक्रेटरी आणि कंपनीची माणसे यांच्यासमोर भामा म्हणाली, "आबा, हा गंधार उतरलाय."

मी म्हणालो, "तुझ्या कानात मळ आहे. उद्यापासून यायचं नाही."

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. सिप्रियन यांनी तो एक सूर तीन-चारदा दाबून पाहिला आणि हसले. माझ्याशी ते दख्खनीतच बोलत. म्हणाले, "लडकी सच बोली, एकनाथ. पन अब नक्को छेडो. मेरेकू ऐसाच होना." म्हणजे त्यांना तो सूर तसाच हवा होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुरावर पुन्हा पुन्हा येत त्यांनी 'टँक बंड' वाजवले. लोक त्या सुराची वाहवा करतात. ती माझी चूक आहे आणि ती भामाने पकडली होती.

सिप्रियन यांचे ते शब्द मी तिला सांगितले नाहीत. त्या दिवशी नाही, तिच्या लग्नात नाही, आजवर नाही. ती पुन्हा कधी माझ्याबरोबर आली नाही. दसऱ्याला येते, पाया पडते, डबा ठेवते, औषध घेतले का विचारते, आणि गाण्याचा विषय निघाला की उठून आत जाते. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. मला त्याचा हेवा वाटला. बापाला लेकीचा हेवा वाटावा ही लाजेची गोष्ट आहे आणि मी ती अठरा वर्षे गिळून बसलो.

कलम ६. माझी हत्यारे, म्हणजे तारा पिळायची किल्ली, नादकाटा, पाचरी आणि बनातीच्या पट्ट्या, हणमंतला कबूल केली होती. तो शब्द मी मागे घेतो. ती भामाची आहेत. ती वापरील, माळ्यावर टाकील किंवा मोडीत घालील, तिला कोणी विचारू नये.

कलम ७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, हे मुकुंदरावांनी मला दोनदा सांगितले. तरीही कलम ४, ५ आणि ६ आजपासून लागू समजावीत. माझ्या डाव्या कानाला वरचे सूर लागत नाहीत, पण मधले सप्तक अजून ऐकू येते. डॉक्टर म्हणतात, तेही फार दिवस नाही. मंगळवारी काचीगुड्याहून गाडी सुटली की मी तिला कागदावरच सांगू शकेन, आणि कागदावर सूर दाखवता येत नाही. म्हणून साक्षीदार तातेराव यांनी हा कागद पाकिटात न घालता आजच हिमायतनगरला नेऊन भामाच्या हाती द्यावा.

भामा, जाण्याआधी ये, मी ग्रामोफोनला चावी देऊन ठेवतो. तो सूर आला की तू बोट वर कर. मी म्हणेन, हो, उतरलाय.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: एकनाथराव ग्यानोबा ढवळे
मुक्काम बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक २१ ऑक्टोबर १९५६

साक्षीदार १: मुकुंदराव देशपांडे, वकील. (कलम ७ कायद्याने टिकणार नाही, हे सांगून सही केली आहे.)

साक्षीदार २: तातेराव वाघमारे, रेल्वे फिटर, काचीगुडा. मजकूर मला वाचून दाखवला, माझ्यासमोर सही झाली.

तातेराव यांची मागील बाजूस नोंद: कागद दुपारी अडीच वाजता हिमायतनगरला पोचता केला. बाईंनी दारात उभ्यानेच दोनदा वाचला. घर बांधाबांधीने भरलेले होते. कागद माझ्याकडे परत दिला आणि चपला शोधू लागल्या.