न ऐकू आलेली गाडी

प्रिय आण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुमच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. आज लिहितेय, कारण शुक्रवारी आपल्या बसस्टँडवर एक पोरगी भेटली.

चौकशीच्या खिडकीशी उभी राहून ती कानाकडं बोट दाखवत होती. आतला माणूस तेच वाक्य आणखी मोठ्यानं ओरडत होता. रांग वैतागलेली. "दिसायला तर धडधाकट हाय की!" मागून कुणीतरी म्हणालं.

हेच मी तुम्हाला म्हटलं होतं ना, आण्णा?

माझ्या लग्नाच्या वर्षी, दिवाळीनंतर तुम्ही मला परभणीला, सासरी सोडायला निघाला होता. तुम्हाला बॅगांपाशी बसवून मी पाणी आणायला गेले. तेवढ्यात आपली गाडी दुसऱ्या फलाटावर लागली, भोंग्यावर पुकारलं आणि निघूनही गेली. मी आले तर तुम्ही तिथंच, रिकाम्या फलाटाकडं बघत बसलेले.

वाळूजच्या कारखान्यात प्रेसच्या दणदणाटात तुमचे कान गेले, हे मला ठाऊक नव्हतं? होतं की! तरी भर स्टँडवर ओरडले, "एवढं पुकारलं, कळलं नाही? दिसायला तर चांगले धडधाकट आहात!"

"ओरडू नको, माय," तुम्ही म्हणालात. "आवाज येत नाय, पण तुझं तोंड दिसतंय मला."

पुढच्या गाडीनं निघालो. जालन्याला उतरून तुम्ही पेरू आणलेत, मीठ-तिखट लावून. मी घेतले नाहीत. तुम्ही ते परभणीपर्यंत हातात धरून बसलात.

नंतर तुम्ही आमच्याकडं कधीच आला नाहीत. माझ्या विहानच्या बारशालासुद्धा नाही! आई फोनवर सांगायची, गुडघे दुखतात. रोज सकाळी विहारापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचे गुडघे! मला कळत होतं. आणि खरं सांगू? थोडं बरंच वाटलं होतं. सासरच्यांसमोर तुमच्याशी मोठ्यानं बोलावं लागणार नव्हतं.

पण आण्णा, तुम्हीही एकदा रागवायचं होतं की! स्टँडवर कानाचं मशीन लावलं की सगळा कालवा एकदम डोक्यात शिरतो, म्हणून तुम्ही ते खिशात ठेवायचात. हे आईला सांगितलंत. मला का नाही? मी ऐकलं नसतं, असं वाटलं का?

शुक्रवारी मी त्या पोरीला मोबाईलवर लिहून विचारलं, कुठं जायचंय? तिनं लिहिलं, सिल्लोड. तिच्याही गाडीचा फलाट बदलला होता. तिला गाडीत बसवून मी खिडकीशी परत आले.

"साहेब, फलाट बदलला की लिहून लावत जा."

"बोर्ड बंद हाय, मॅडम. भोंग्यावर सांगतो ना."

"ज्याला भोंगाच ऐकू येत नाही, त्यानं काय करायचं?"

"मग त्यानं तसं सांगावं की आम्हाला."

"एवढ्या रांगेसमोर? आणि सांगितल्यावर लोक काय म्हणतात, ते आत्ता ऐकलंत ना?"

त्यानं खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर मार्करनं बदललेला फलाट लिहिला आणि काचेला लावला.

परभणी सोडून आता आम्ही इथंच राहतो. कामाला चितेगावला जाताना स्टँड लागतोच. सोमवारी पुठ्ठा होता. बुधवारी नव्हता. मी परत सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही लईच मागं लागता, मॅडम." पण लिहिलं त्यानं. उद्या नसेल, तर उद्याही सांगेन.

यातलं काहीच तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे कळतं मला.

विहान अधूनमधून विचारतो, "आजोबा आपल्याकडं का येत नव्हते?" मीही गुडघ्यांचंच सांगत आले. आता नाही सांगणार. तो समजण्याएवढा झालाय. आजोबांना यायचं होतं, पण मी त्यांना चारचौघांत लाजवलं, हे त्याला माझ्याच तोंडून कळेल, त्याच्यासमोर बसून. मग तो माझ्याकडं कसा बघतो, ते मी सोसेन. हा शब्द तुम्हाला देते.

जय भीम, आण्णा.

तुमची माय,
सुजाता