नावाच्या चौकोनात

निरवांगी, ता. इंदापूर
दि. ४ जानेवारी १९९९

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू कंडक्टरबरोबर धाडलेला कागद आज मिळाला. धम्मदीपचं अमेरिकेतलं पत्र बारा दिवसांमागचं, आणि त्यातही वरनं कात्रीनं कापलेलं. कापलेल्यात काय हुतं ते मी विचारत न्हाय. तुझ्या कॉम्प्युटरच्या मशिनीवर आलेलं पत्र, तू कापशील न्हायतर जाळशील. माझ्या वाट्याला शेवटची ओळ हुती, आईला सांग, मजेत आहे, जेवतो वेळेवर. ती मी चार येळा वाचली. चार येळा वाचून काय ती लांब हुईना.

काल अंगणवाडीत मदतनीस सारजा म्हणाली, पोरगं निरवांगीचं पर पत्रं बारामतीला काकीकडं धाडतंय. हसून म्हणाली, मी पण हसले. घरी येऊन दोन भाकरी करपवल्या. तू धाकटी जाऊ, तुझ्यावर जळावं असं मला वाटत न्हाय, पर जळते हे खरं हाय.

म्हणून सांगते, आमी पण कॉम्प्युटर घेतला. इंदापुरातला एक क्लास बंद पडला, तितला हाय. क्लासवाल्यानं वायरी जोडल्या, चालू-बंद आणि टाइप करायला शिकवलं आणि गेला. आता इंटरनेटचं खातं पायजे. नव्या खात्याला लई दिवस लागतात म्हणं, तर तुझं हाय तेच दे आणि कसं लावायचं ते सविस्तर लिही. धम्मदीपला मशिनीचं सांगायचं न्हाय. एकदम माझं पत्रच जाऊ दे त्याला.

सोमनाथ भाऊजींना जयभीम. लोभ ठेव, आणि ठेवशील तो अख्खा ठेव.

तुझी
ताईबाई


बारामती
दि. ११ जानेवारी १९९९

ती. सौ. जाऊबाई यांस,
ज्योत्स्नाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कॉम्प्युटर आल्याचं वाचून आनंद झाला. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, वहिनी आता आपल्यालाच शिकवतील. कापलेल्या भागात विशेष काही नव्हतं. आठवी ते बारावी तो माझ्या घरी राहिला, तेव्हा दोन गोष्टी काकीला जास्त लिहिणारच. त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नये.

आता सावकाश वाचा. आधी डायल-अपचं नवीन कनेक्शन करायचं. त्यात पुण्याचा फोन नंबर, युजर नेम आणि पासवर्ड घालायचा, तो वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय. मोडेम कोकलायला लागतं, घाबरू नका. कोकलून गप्प झालं की लागलं समजायचं. इंटरनेट बघायच्या प्रोग्रामात पहिलं पान कोरं ठेवा, नाहीतर उघडल्या उघडल्या तो चित्रं उतरवत बसतो आणि फोन अडकतो.

मग पत्रांचा प्रोग्राम. तो एकामागून एक चौकोन दाखवतो. नाव, ई-मेलचा पत्ता, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर, जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर. माझ्या पडद्यावर जे आहे ते मी त्याच चिठ्ठीच्या मागं ओळीनं उतरवून दिलंय. ते अक्षर न् अक्षर तसंच टाका. स्वतःच्या मनाचं काही घालू नका, एक टिंब इकडचं तिकडं झालं तरी लागत नाही. पत्र आधी फोन न लावता लिहून ठेवायचं, मग फोन लावून पाठवायचं.

आणि रागावू नका, पण मशिनीत हाय-न्हाय बरं दिसत नाही. जरा शुद्ध लिहा.

मोठ्या भाऊजींना जयभीम. माया आहे ती असू द्यावी, मी काही तुमचं घेऊन बसले नाही.

आपली
ज्योत्स्ना


निरवांगी
दि. २८ जानेवारी १९९९

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चौथ्या दिवशी लागलं. तीन दिवस पासवर्डनं खाल्ले. मी अक्षर दाबलं की मशीन फुली दाखवायची. अंगणवाडीत पोरांच्या पाटीवर चुकलं की मी फुली मारते, तर मला वाटलं मशीन माझं चूक देतंय. पुसायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा फुली. तुझे भाऊजी म्हणाले, नापास झालीस, आता सोड. मी न्हाय सोडलं. बारामतीच्या बाईला जमतं ते मला जमायचं न्हाय व्हय?

तू दिलेलं सगळं जसंच्या तसं उतरवलं. एक टिंब बदललं न्हाय. धम्मदीपला चार पत्रं धाडली, शुद्ध लिहिली, तू लिहितीस तशी. खाली नाव टाकलं न्हाय. आईचं पत्र लेकराला सही बघून वळखावं लागत असंल तर मग मी आई कसली?

लई बरं वाटलं लिहून. त्याचा फोन येतो तवा हे, शेजारची सिंधुबाई, आळीतलं सगळं भोवती उभं ऱ्हातं. माझ्या तोंडातनं जेवलास का एवढंच निघतं, आणि तो जेवलो म्हणतो. पत्रात मी त्याला विचारलं, दिवसभर कुणाशी बोलतोस, रडू येतं का, आमच्यापासनं काय लपवतोस का. असलं त्याला मी जल्मात विचारलं नव्हतं.

पर एका पत्राचं उत्तर न्हाय. रोज अंगणवाडी सुटली की दोन वाजता फोन लावते, मशीन म्हणतं टपाल न्हाय. तुला काय आलंय का? आलं असंल तर सांग, मला राग येणार न्हाय. येईल, पर सांग.

तुझ्या मायेत कमी पडू देऊ नको, मी वाट बघते.

तुझी
ताईबाई


बारामती
दि. ५ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. जाऊबाई यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

शाळेत तपासणी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. मलाही त्याचं विशेष काही नाही. तिकडं बर्फ पडतोय म्हणे, कामात असेल. मी रोज सकाळी सातला, शाळेत जायच्या आधी बघते. काही असेल तर कळवीनच. तुम्ही सेटिंगला हात लावू नका, लागलेलं बिघडायचं. रोज फोन लावून बघत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा लावलात तरी चालेल.

प्रेम आहेच, ते पत्रातून मोजू नये.

आपली
ज्योत्स्ना


निरवांगी
दि. २१ फेब्रुवारी १९९९

सौ. ज्योत्स्ना हिस,
जयभीम.

तुमच्या आळीतला रस्ता खोदला आणि फोन चार दिवस बंद हाय, असं सोमनाथ भाऊजींनी ऑफिसातनं कळवलं. बरं झालं खोदला. परवा दोन वाजता मी लावला आणि धम्मदीपचं पत्र माझ्या मशिनीत आलं. महिनाभर न्हाय ते तुझा फोन बंद पडल्यावर आलं.

वर लिहिलंय, प्रिय काकी. मी म्हटलं हे तुझं हाय, वाचू नये. मग खाली बघितलं तर त्याच्या उत्तराच्या बुडाला माझं पत्र चिकटलेलं, माझं सहावं, दर ओळीच्या आधी बाण. मी विचारलेलं एकेक वाक्य. उत्तर माझं हुतं, आणि काकीला दिलेलं. तवा मला नावाचा चौकोन आठवला. त्यात तुझं नाव हुतं, मी बघितलंही हुतं. खातं तुझं, म्हणून खातेदाराचं नाव लागत असंल असं मी समजले, फॉर्मवर लिहितात तसं. पर माझ्या पत्रावर त्याला तेच नाव दिसत हुतं. मनाचं घालू नको अशी तुझी ताकीद हुतीच.

तो लिहितो, काम सुटून दोन महिने झाले. कंपनीनं खोलीत बसवून ठेवलंय, कधी बोलावतील ठाऊक न्हाय. दिवसभर कुणाशी बोलणं न्हाय. पुढं लिहितो, काकी, तू विचारतेस म्हणून सांगतो. आईला सांगू नकोस. तिला जेवलो म्हटलं की पुरतं, तिला दुसरं काही विचारता येत नाही.

हे वाचून मी मशीन बंद केलं. आधीची पाच उत्तरं कुठं हायेत, ज्योत्स्ना? मला एवढंच सांग.

ताईबाई


बारामती
दि. २६ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. जाऊबाई यांस,
जयभीम.

पाचही पत्रांच्या छापील प्रती सोबत आहेत. एकही कापलेली नाही.

खोटं बोलायला आता जागा नाही. पहिलं उत्तर आलं तेव्हाच कळलं की माझं नाव तुमच्या मशिनीत गेलंय. उतरवून देताना नजरचुकीनं गेलं, हे खरं माना. पण पुढचं चुकून झालं नाही. जो आधी फोन लावतो त्याच्या मशिनीत पत्र उतरतं आणि पुण्याच्या सर्व्हरवरून पुसलं जातं. प्रत मागं ठेवायची असेल तर एका चौकोनात खूण करावी लागते. ते मला माहीत होतं. मी खूण केली नाही, आणि रोज तुमच्या आधी फोन लावला.

का, ते सांगते. पाच वर्षं तो माझ्या ताटात जेवला. मला वाटायचं, जाऊबाईंनी जन्म दिला, पण ओळखते मी. आणि त्या पहिल्या उत्तरात तो म्हणाला, काकी, तू असं कधी विचारलं नव्हतंस. मी विचारलंच नव्हतं, आक्का. मलाही तो अभ्यास चालू आहे एवढंच सांगायचा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी माझी म्हणून वाचत राहिले. दुसऱ्या पत्रापासून वाट बघायला लागले. तुम्हीही बघताय हे ठाऊक असून.

कामाचं मला महिनाभर कळलं होतं. ते मोठ्या भाऊजींना सांगायला हवं होतं, तेही केलं नाही.

आता खूण केली आहे, माझ्याकडं उतरलं तरी तुम्हाला मिळेल. तुम्ही पत्रांच्या प्रोग्रामात खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं तो नावाचा चौकोन आहे, माझं नाव पुसून तुमचं टाका आणि ओके करा. त्याला खरं काय ते मी लिहीन.

लोभ ठेवा म्हणायचं तोंड नाही, तरी म्हणते.

ज्योत्स्ना


निरवांगी
दि. ९ मार्च १९९९

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सगळी पत्रं वाचली. राग गेला असं म्हणणार न्हाय. तू माझ्या आधी ती वाचलीस, हे मला मरस्तवर सलणार हाय.

तू सांगितलंस तसं केलं. तुझं नाव एकेक अक्षर मागं येत पुसलं, माझं टाकलं. इंग्रजीत माझं नाव मी पयल्यांदा त्या चौकोनात बघितलं. बाण ओकेवर नेला. आणि मग माझा हात थांबला. आईचं नाव बघितलं की तो लिहिणार, मजेत आहे, जेवतो वेळेवर. तेवढ्या एका ओळीवर मी वर्ष काढलं, आता मला ते पुरायचं न्हाय. मी कॅन्सल दाबलं.

तवा तू त्याला काय बी सांगायचं न्हाय. काकीच्या नावानं आता मीच लिहिणार. तुला वाईट वाटंल. वाटू दे, महिनाभर माझं तू घेतलंस. मी त्याला काल लिहिलं, की काम न्हाय त्यात लाज कसली, नको वाटलं तर सरळ घरी ये, तुझ्या आईला मी समजावते. आज सकाळीच उत्तर आलं. म्हणतो, काकी, आई ऐकंल का? मी लिहिलं, ऐकंल.

पर आमी मशीन घेतल्याचं त्याला कुणाकडनं तरी कळंलच, आणि आईचं एक बी पत्र न्हाय म्हटल्यावर संशय येईल. म्हणून तुझ्या मशिनीत नावाच्या चौकोनात माझं नाव टाक आणि आठ दिवसांनी एक पत्र त्याला तू धाडत जा. लई लिहू नको. जेवलास का, थंडी हाय का, एवढंच विचार. त्याच्या आईला तेवढंच येतं.

तुझी
ताईबाई