व्हेपोरायझर निवडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

४ जानेवारी, सकाळी ७.१०

सिगारेट बंद. म्हणजे निर्णय आज झाला. अंमलबजावणी यंत्र आल्यावर.

काल लेकीचा फोन. नात आठ महिन्यांची झाली आणि आजोबांनी तिला अजून मोबाईलच्या काचेतूनच पाहिलंय. वीस फेब्रुवारीला आठ दिवसांसाठी घेऊन येते म्हणाली. पण अट आहे. बाळाची छाती सारखी घरघरते, डॉक्टरांनी धुराजवळ न्यायचं नाही असं बजावलंय. धूर नको, वास नको, पडद्यांनासुद्धा नको. बाबा, खरंच सुटली असेल तरच येते, म्हणाली. मी म्हटलं, सुटली समज. फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन एक ओढली. एवढा मोठा निर्णय घेतल्यावर माणसाला जरा मोकळं व्हायला लागतंच.

सामान्य माणसं सिगारेट नुसती सोडतात आणि म्हणूनच पुन्हा धरतात. मी सव्वीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पर्यायी व्यवस्था केल्याशिवाय आम्ही चालू लाइन बंद करत नाही. पर्याय इंटरनेटवर सापडलाय: होम हर्बल व्हेपोरायझर. पुदिना वगैरे सुकी पानं आत टाकायची, ती तापतात पण जळत नाहीत. वाफ ओढायची. हात रिकामा नाही, तोंड रिकामं नाही, धूर नाही. बजेट आमच्या हिने ठरवलं. मिक्सर दुरुस्तीला लागतं तेवढं. एवढ्यात उत्तम क्वालिटी मिळवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. माझं आहे.

६ जानेवारी

दिवसभर रिव्ह्यू वाचले. लोकांच्या अकलेचं दिवाळं निघालंय. एकाने पाच स्टार दिलेत आणि खाली लिहिलंय, अजून वापरलं नाही पण खोका सुरेख आहे. दुसऱ्याने एक स्टार, कारण कुरिअरवाला उद्धट होता. तिसऱ्याने तीन स्टार आणि खाली फक्त ‘ओके’. अशा लोकांच्या भरवशावर जग खरेदी करतं.

संशोधनाच्या ताणामुळे सिगारेटी जरा वाढल्या. तात्पुरतं आहे.

७ जानेवारी, रात्री जेवणाआधी

सत्तावीस कलमांची चेकलिस्ट तयार. पानं तव्यासारखी खालून तापवणारं यंत्र की गरम हवा फिरवणारं. तापमान अंशाअंशाने बदलता येतं की नाही. काचेची नळी की प्लास्टिकची. साफ करायला किती वेळ. झाकण किती वेळा उघडमीट केल्यावर ढिलं पडतं. ऑफिसातल्यासारखे तीन रकाने: स्वीकृत, दुरुस्तीयोग्य, रिजेक्ट.

हिला पहिली नऊ कलमं समजावून सांगितली. तोंडाची वाफ दवडू नका, त्यापेक्षा मटार सोलून द्या, म्हणाली. वाफ या विषयातलं तिचं ज्ञान इथवरच.

१२ जानेवारी

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. हा इसम दिवसाला एक पाकीट ओढायचा. मी बाल्कनीत चला म्हणून खूण केली तर नको म्हणाला. मंगळवारपासून बंद केलीये. मी विचारलं, कोणत्या पद्धतीने? पद्धत कसली भावोजी, नाही ओढली, झालं. खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवतो, तल्लफ आली की चार तोंडात टाकतो.

शेंगदाणे! ना अभ्यास, ना नियोजन, ना कागद. हा माणूस फ्रिजसुद्धा रंग बघून घेतो. पंधरा दिवसांत पुन्हा झुरके मारताना दिसेल, तारीख घालून लिहून ठेवतो. ही त्याच्याकडे जरा जास्तच कौतुकाने बघत होती. माहेरचं माणूस.

१५ जानेवारी

कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानात गेलो. हर्बल व्हेपोरायझर आहे का विचारलं. सर्दी झालीये का, म्हणाला, आणि वाफारा घ्यायचं प्लास्टिकचं भांडं पुढे ठेवलं. मी म्हटलं, अहो, हे भांडं आहे, मी यंत्र विचारतोय. तो म्हणाला, यालाच व्हेपोरायझर म्हणतात, हवं तर यात पानं टाका, झालं हर्बल. त्याच्या तोंडी लागलो नाही. शब्द एक आणि वस्तू भलतीच. सव्वीस वर्षांत असले सप्लायर मी ढिगाने परत पाठवलेत.

१९ जानेवारी, दुपारी

कंपनीच्या डॉक्टरांना चेकलिस्ट दाखवली. त्यांनी सत्तावीस कलमं वाचलीच नाहीत. माझा बीपी घेतला आणि म्हणाले, फुप्फुसं हवेसाठी असतात, त्यात धूर नको आणि पुदिन्याची वाफही नको. सोडायचीच असेल तर औषधं आहेत, बुधवारी सल्लाकेंद्र असतं, येऊन बसा. फुकट आहे.

फुकट! म्हणजे क्वालिटीच्या नावाने आनंद. शिवाय बुधवारी माझी मीटिंग असते. डॉक्टरांना इंडस्ट्रीचं ज्ञान शून्य.

आजपर्यंत अकरा यंत्रं तपासली. अकरा रिजेक्ट. आमच्या जुन्या साहेबांनी एकदा म्हटलं होतं, तुमच्या हातातून देवसुद्धा पास होणार नाही. मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

२३ जानेवारी

लेकीचा फोन. कसं चाललंय? मी म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. तिला वाटलं सिगारेट अंतिम टप्प्यात आहे. मी निवडीबद्दल बोलत होतो. खोटं बोललो नाही.

तिने नातीला फोनसमोर धरलं. पोरगी हसली. खालचे दोन दात आलेत. तिला उचलल्यावर हाताला वजन कसं लागत असेल, हा विचार संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. आज फक्त सहा ओढल्या. सात.

२८ जानेवारी, सकाळी १०.३०

सापडलं!

‘हर्बल व्हेपोरायझर, होम यूज.’ निम्म्या किमतीत, ऑफर आज दुपारपर्यंत. स्पेसिफिकेशन एकेक कलमाशी ताडून पाहिलं. तापमान नियंत्रण: आहे. सुकी पानं चालतात: हो. धूर: नाही. गंध: सौम्य. ऑटो कट-ऑफ: आहे. तोंडाला लागणारा भाग धुता येतो: हो. सत्तावीसपैकी सव्वीस. फोटो उघडत नव्हता, पण फोटोंवर मी कधीच जात नाही. ऑफिसात नव्या इंजिनिअरला मी हेच शिकवतो: मालाकडे बघून भुलायचं नाही, कागद बघायचा. कागद पास तर माल पास.

ऑर्डर केली. ही म्हणाली, एकदा त्या मेडिकलवाल्याला तरी दाखवायचं होतं. हसू आलं.

३ फेब्रुवारी

पार्सल आलं. इनकमिंग इन्स्पेक्शन नियमाप्रमाणे केलं: सील कापलं, चारही स्क्रू काढले, आतलं वायरिंग पाहिलं, स्क्रू परत लावले. तीन लागले.

रंग गुलाबी.

वाफारा घ्यायचं भांडं. त्याला नाकातोंडावर धरायचा मास्क, मास्कवर ससा. सोबत निलगिरीच्या पानांची पुडी. मेडिकलवाल्याकडे होतं तेच, फक्त त्याच्याकडचं निळं होतं.

चेकलिस्ट पुन्हा तपासली. सव्वीस कलमं तंतोतंत बरोबर आहेत. यंत्रात दोष नाही. ते कशासाठी आहे हे कलम माझ्या यादीत नव्हतं, एवढंच. परत घेत नाहीत. सील तोडलं की जबाबदारी ग्राहकाची.

ही उठली. स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला होता. हसत असावी.

५ फेब्रुवारी

नीट विचार केल्यावर लक्षात आलं की निवड चुकलेलीच नाही. वाफ ती वाफ. उलट पाण्याची वाफ जास्त शुद्ध. आज सकाळी वीस मिनिटं घेतली. ससा नाकावर घट्ट बसतो. छाती इतकी मोकळी झाली की त्यानंतरची सिगारेट थेट तळापर्यंत गेली. गेल्या दहा वर्षांत अशी लागली नव्हती.

यात काहीतरी उलटं होतंय हे मला कळतं. मी मूर्ख नाही. सुरुवातीला आकडे असे वरखाली व्हायचेच.

९ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं, यंत्र आलं, रोज वापरतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या. ती इतकी खूश झाली की फोनवरच रडली. बाबा, तुम्ही माझ्यासाठी केलंत, म्हणाली. मी म्हटलं, अगं त्यात काय.

त्यानंतर हिने माझं ताट टेबलावर आपटलं. बायकांचं काही सांगता येत नाही.

११ फेब्रुवारी

मोहीम दुसरी: घर. पडदे धुतले. सोफ्याची कव्हरं धुतली. बाल्कनीत ओढणं पूर्ण बंद. आता फक्त बाथरूममध्ये, एक्झॉस्ट फॅन लावून, गुलाबी भांडं चालू ठेवून. निलगिरीच्या वासात बाकी सगळं बुडून जातं. इथे त्या यंत्राचं खरं मोल कळतं. बजेटमध्ये यापेक्षा चांगलं काय मिळणार होतं?

हिला साबणाच्या डबीत राख सापडली. मी म्हटलं, पंख्यातली धूळ आहे. तिने डबी धुतली आणि माझ्या हातात दिली.

१४ फेब्रुवारी

मेहुणा भेटला. महिना उलटून गेला, अजून शेंगदाण्यांवरच आहे. वजन वाढलंय. चेहरा उगाच तुकतुकीत. अशा लोकांचं असंच असतं, विचार करत नाहीत म्हणून टिकतात. मला म्हणाला, भावोजी, उद्या संध्याकाळपर्यंत नाही ओढायची एवढंच ठरवा, मी येऊन बसतो सोबत. त्याच्या डोळ्यांत कीव होती. माझ्यावर कीव करणारा हा कोण? याच्या लग्नात याचा सूट मी पसंत केला होता.

नको म्हटलं.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

लेकीने आज मला फोन न करता आईला केला. आई, तूच सांग, सुटलीये का? हिने उत्तर दिलं नाही. मी समोर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर. ही फोन कानाला लावून नुसती खिडकीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, बाळाचे कपडे जरा जास्त आण, इथे गारवा आहे. पलीकडे पोरीला कळायचं ते कळलं.

मी हिला म्हटलं, तू माझा घात केलास. ती म्हणाली, मी एक शब्द तरी बोलले का? तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. हे ती माझ्याकडूनच शिकली असणार.

१८ फेब्रुवारी

लेक येणार आहे. मामाकडे उतरणार आहे.

आठही दिवस. हीसुद्धा उद्यापासून तिकडे राहायला जातेय, बाळाला सांभाळायला. बॅग भरताना म्हणाली, वरण करून ठेवलंय, तीन दिवस पुरेल. मामाचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भिंतींना ओल. क्वालिटी म्हणून बघायचं तर आमच्या घराच्या नखाची सर नाही. मी हे सगळं हिला सांगितलं. बॅगेची चेन लावेपर्यंत तिने ऐकून घेतलं.

२१ फेब्रुवारी, दुपारी ३

मेहुण्याकडे जाऊन आलो.

जाण्याआधी अंघोळ केली, कोरा शर्ट घातला. सकाळपासून एकही नाही. म्हणजे सातनंतर. तीन मजले चढताना दोनदा थांबावं लागलं. दार मेहुण्यानेच उघडलं. त्याच्या खांद्यावर माझी नात झोपली होती. त्याच्या गालाला गाल लावून, तोंड उघडं टाकून, लाळ त्याच्या कॉलरवर. एका दिवसात तो तिला इतका सवयीचा झाला होता.

मी सोफ्याच्या कडेला बसलो. कोणी काही टोचून बोलेल म्हणून तयारीत होतो. लेकीने पाणी दिलं. प्रवास कसा झाला ते सांगितलं. मग बाळ उठलं आणि लेक म्हणाली, घ्या ना बाबा.

हात धुतले. पुन्हा धुतले. घेतली. वजन मी समजत होतो त्यापेक्षा जास्त आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, चष्मा धरला, हसली. ते दोन दात. मग माझ्या छातीवर डोकं टेकलं आणि खोकली. एकदा, मग लागोपाठ. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. मी व्हॉल्व्हची गळती आवाजावरून ओळखतो, हा आवाजही ओळखला. लेकीने तिला हळूच काढून घेतलं, घाईघाई न करता, मला वाईट वाटू नये अशा बेताने, आणि आतल्या खोलीत नेलं. आतून खोकला ऐकू येत होता. मेहुणा पंखा लावायला उठला. ही रिकाम्या पेल्याकडे बघत होती.

मला फार लाज वाटली. इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

कोणी मला एका शब्दाने विचारलं नाही, का नाही सोडलीत म्हणून. दीड महिन्याची उत्तरं तयार होती माझ्याकडे.

थोड्या वेळाने लेक एकटीच बाहेर आली. म्हणाली, झोपलीये, आता नका थांबू बाबा.